मंडईत पुतळा आहे त्या टिळकांचा नाही, ही गोष्ट आहे दुसऱ्या टिळकांची, ज्यांची भजनं चर्चमध्ये गायली जातात

पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला गेलात तर लोकमान्य टिळकांचा पुतळा दिसल्याशिवाय राहत नाही. १८८६ साली बांधलेली ही दगडी, अष्टकोनी इमारत तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जायची. आज ती महात्मा फुले मंडई आहे. पुतळा लोकमान्यांचा, नाव जोतीरावांचं आणि आवार भाजीवाल्यांचं. अस्सल पुणेरी मामला.

याच मंडईतून गुरुवार पेठेच्या दिशेने थोडं चालत गेलं की एक उंच मनोरा दिसतो. हे पंचहौद चर्च. कागदोपत्री नाव पवित्र नाम देवालय. १८८५ साली ते उभं राहिलं, म्हणजे मंडई आणि हे चर्च जवळजवळ एकाच वयाचे.

महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये नाताळला किंवा ईस्टरला गेलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. तिथे इंग्रजी कॅरोल असतातच, पण त्यांच्या जोडीला भजनंही असतात. पेटी असते, टाळ असतात, आणि डोळे मिटून ऐकलं तर आपण देवळात बसलोय की चर्चमध्ये, असा प्रश्न पडावा.

यातली शंभराहून जास्त भजनं एकाच माणसाने लिहिलेली आहेत. त्यांचं आडनाव टिळक. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. जात चित्पावन ब्राह्मण. पण हे लोकमान्य नव्हेत.

हे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आधी चहाची गोष्ट

नारायण वामन टिळकांनी जे केलं ते किती मोठं धाडस होतं, हे कळायचं असेल तर आधी पंचहौदातल्या चहाची गोष्ट माहीत पाहिजे.

१८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. पुण्यातली बडी मंडळी आली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी फक्त कपाला हात लावला.

पुढे गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं, पुण्यात गहजब उडाला. ब्राह्मणांनी मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशी बसली, प्रायश्चित्तावर वाद झाले. रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

नुसत्या एका कपाची ही किंमत होती.

आणि या घटनेनंतर पाचच वर्षांत एक चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा जाणकार, कीर्तनकार, कवी, मुंबईत जाऊन बाप्तिस्मा घेतो. तोही टिळक आडनावाचा. लोकांना काय वाटलं असेल, याचा विचार करा.

घरातून निघून गेलेला मुलगा

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावाने तापट. आई जानकीबाई मात्र हळव्या आणि कवितेची आवड असणाऱ्या. नारायणचा ओढा साहजिकच आईकडे होता.

तो लहान असतानाच आई गेली. घरात मन रमेना. अकरा-बारा वर्षांचं ते पोर घर सोडून नाशिकला आलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकायला मिळालं. थोडं इंग्रजीही झालं. मॅट्रिकपर्यंत मजल गेली नाही, पण कविता मात्र हाताशी आली.

वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, अकरा-बारा वर्षांची. माहेरचं नाव मनू, सासरचं नाव लक्ष्मी. याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचं माहेर कमालीचं सोवळं. त्यांच्या वडिलांच्या डोक्यात विटाळाची कल्पना इतकी बसली होती की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. असल्या घरातली मुलगी आणि पुढे ख्रिस्ती होणारा नवरा. नियतीने काय जोडी जमवली होती!

संसार सुरू झाला खरा, पण टिळकांचा पाय एका जागी ठरेना. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तनकार, परवा आणखी कुठे. कधी घरात काही न सांगताच निघून जायचे. खिशात पैसे आले तर वाटेत कुणी गरजू भेटेपर्यंतच टिकायचे. घर चालवायचं कसं, ही काळजी कायम लक्ष्मीबाईंची.

पण या सगळ्या भटकंतीत टिळक काहीतरी शोधत होते. धर्मग्रंथ वाचायचे, वाद घालायचे, योग करून बघायचे. जातीची उतरंड त्यांना पटत नव्हती. हा देश एक व्हायचा असेल तर धर्माने माणसं जोडली पाहिजेत, तोडली नाही पाहिजेत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

रेल्वेच्या डब्यात मिळालेलं पुस्तक

१८९० च्या आसपास टिळक नागपूरला आले. तिथले श्रीमंत आणि विद्याप्रेमी गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम त्यांना मिळालं. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली. आज हे गाव छत्तीसगडमध्ये आहे.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्या काळी गोरा साहेब म्हटलं की नेटिव्ह माणूस डब्यातून उतरायचा. इथे उलटं झालं. साहेबांनी आदराने जागा दिली आणि गप्पा सुरू केल्या. कवितेवर बोलणं झालं, धर्मावर झालं. उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं.

टिळकांना ते बोलणं हास्यास्पद वाटलं. पण शब्द दिला होता म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. शत्रूवर प्रेम करा, गरीब ते धन्य, असं सांगणारे हे तीन अध्याय त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. ज्या प्रश्नांची उत्तरं शोधत ते दारोदार हिंडले होते, ती आपल्याला इथे मिळाली, असं त्यांना वाटलं.

तरीही निर्णय सोपा नव्हता. ख्रिस्ती होणं म्हणजे जात गेली, नोकरीची शाश्वती गेली, नातेवाईक गेले. आणि सगळ्यात मोठा प्रश्न होता बायको आणि लहान मुलगा दत्तू यांचा.

१० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो कुणा गोऱ्या साहेबाच्या हातून नव्हे, तर एका मराठी पाळकाच्या हातून. पाळकांचं नाव होतं रेव्हरंड तुकाराम नाथोजी.

साडेचार वर्षांचा वनवास

इकडे लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आहे पण आपला राहिला नाही. त्याच्याकडे जावं तर धर्म जातो, न जावं तर संसार जातो. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे, पदरात लहान मूल, आणि वर लोकांची बोलणी.

टिळकांनी पत्रं पाठवणं सोडलं नाही. त्या पत्रांत कविताही असायच्या. लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता आलं ते लग्नानंतर, तेही जेमतेम. पण याच विरहाच्या काळात त्यांची स्वतःची कविता फुलली.

जवळपास साडेचार-पाच वर्षं असं गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ठरवलं की नवऱ्याकडे जायचं, पण आपला धर्म सोडायचा नाही. त्या नगरला आल्या. एका घरात दोन चुली पेटल्या. त्यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही.

पुढे राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या मनात एक विचार आला. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसं जन्मतःच वेगवेगळी दिसली असती. मग हा विटाळ कुठून आला? ज्या बाईच्या माहेरी वस्तू धुऊन घरात घेत, तिने स्वतःच्या डोक्याने विचार करून हे ओझं उतरवून ठेवलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

याच सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. आईबाप गमावलेली पोरं टिळकांच्या घरात आली, राहिली, वाढली. घरात पैसा नव्हता, पण पंगत कायम मोठी असायची.

चर्चमध्ये बसलेला कवी अस्वस्थ का झाला?

टिळक आता अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत शिकवत होते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले.

पण चर्चमध्ये बसलं की त्यांचं कवीमन खट्टू व्हायचं, कारण तिथली गाणी.

मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठीत भाषांतरं केली होती. शब्द मराठी, पण चाल विलायती. आता इथे खरी गोम आहे. इंग्रजी गाणं शब्दातल्या आघातावर चालतं. एक अक्षर जोरात, दुसरं हळू. मराठी पद्य चालतं ऱ्हस्व-दीर्घाच्या हिशेबावर, नाहीतर ओवी-अभंगासारखं अक्षरांच्या मोजणीवर. मराठी शब्द त्या चालीत कोंबले की ऱ्हस्व अक्षर लांबतं, दीर्घ अक्षर आखडतं आणि शब्दाचा जीव जातो. अर्थ पुस्तकात राहतो, गळ्यात उतरत नाही.

आणि गाणारे कोण होते? नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली, बहुतेक पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजातली माणसं. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या भजन होतं, एकतारी होती, डफ होता, तुणतुणं होतं. ही माणसं रात्रभर गाऊ शकत होती. आणि चर्चमध्ये आल्यावर मात्र हातात पुस्तक धरून, परक्या चालीत अडखळत होती.

म्हणजे देव बदलला तर गळाही बदलावा लागत होता.

टिळकांना हे मान्य नव्हतं.

हाच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतही पडला होता

आता थोडं जर्मनीला जाऊन येऊ, कारण टिळकांनी जे केलं त्याचा जुना नमुना तिथे सापडतो.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या चर्चची भाषा होती लॅटिन. उपासना लॅटिनमध्ये, बायबल लॅटिनमध्ये आणि उपासनेतलं गाणंही लॅटिनमध्ये. गायचं काम मुख्यतः धर्मगुरूंचं आणि गायकवृंदाचं. समोर बसलेला शेतकरी, सुतार, बाजारात भाजी विकणारी बाई यांनी ऐकायचं.

आपल्याकडे ज्ञान संस्कृतात अडकलं होतं आणि ज्ञानेश्वरांनी ते मराठीत आणलं, तसंच काहीसं.

तिकडे हे काम मार्टिन ल्यूथर यांनी केलं. त्यांनी १५२२ साली नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला. पण पुस्तक वाचता येणारे किती? बहुतेक लोक निरक्षर. म्हणून ल्यूथरनी दुसरं हत्यार काढलं, ते म्हणजे गाणं. १५२४ साली पहिली छोटी गीतपुस्तकं छापून बाहेर पडली.

त्याच वर्षीचं त्यांचं एक गीत ईस्टरच्या सणाचं आहे. क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, मरणाचा पराभव झाला, असा या सणाचा अर्थ. ल्यूथरनी त्यासाठी सगळं नवं रचलं नाही. चर्चमधलं जुनं लॅटिन ईस्टरगीत आणि लोकांच्या तोंडी असलेलं जुनं जर्मन ईस्टरगीत, दोन्हींचा धागा घेऊन त्यांनी सात कडव्यांचं नवं गीत केलं. लोकांना ते अनोळखी वाटलंच नाही.

पुढे जवळपास पावणेदोनशे वर्षांनी, १७०७ च्या सुमारास, बाविशीतल्या एका ऑर्गनवादकाने हेच गीत घेऊन सणाच्या उपासनेसाठी एक मोठी रचना केली. त्याचं नाव योहान सेबास्टियन बाख. तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. बाखने ल्यूथरची सातही कडवी जशीच्या तशी ठेवली. मूळ चालही सातही कडव्यांत कायम ठेवली. फक्त प्रत्येक कडव्यात तिचं रूप वेगळं. कधी सगळा गायकवृंद, कधी दोन गळे, कधी एकटाच गायक. एखादा कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि तासभर त्याचे पदर उलगडत बसतो, तसंच.

बाखची ही ईस्टरची रचना आजही जगभर गायली जाते. पण तिच्या तळाशी काय आहे? बाजारातल्या माणसाला गाता यावं म्हणून लोकांच्या भाषेत, ओळखीच्या सुरात रचलेलं एक साधं गीत.

टिळकांनी मराठीत नेमकं हेच केलं.

तुकोबांच्या वाटेने

टिळकांसमोर नमुना शोधायला जर्मनीला जायची गरज नव्हती. त्यांच्याकडे तुकाराम होते, नामदेव होते, ज्ञानेश्वर होते. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी त्यांची भावना होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. धर्म बदलला म्हणून संतांशी नातं तोडायचं, हे त्यांना मंजूरच नव्हतं.

त्यांनी अभंग लिहिले. ओव्या लिहिल्या. पदं लिहिली, भजनं लिहिली. त्यात येशू कधी आई झाला, कधी गुरू झाला, कधी सखा झाला. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. म्हणणाऱ्याने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. पुस्तक नसलं तरी चालतं. वाचता येत नसलं तरी चालतं.

कीर्तनाचंही तेच. नगरला टिळकांच्या आधीपासून ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग होत होते. कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात मोठं आहे. टिळक तर मूळचेच कीर्तनकार. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, हातात चिपळ्या, मागे मृदंग आणि आख्यान मात्र बायबलमधलं. गावच्या चावडीसमोर असं कीर्तन उभं राहिलं की ख्रिस्ती नसलेली माणसंही येऊन बसत.

यावर टीका झाली का? दोन्ही बाजूंनी झाली. काही ख्रिस्ती लोकांना वाटायचं की हे जुनं सगळं मागच्या दाराने परत येतंय. काही हिंदूंना वाटायचं की ही धर्मप्रसाराची नवी युक्ती आहे. टिळक मात्र लिहीत राहिले.

बघायला गेलं तर हा काळच सामुदायिक गाण्याचा होता. १८९३-९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, मेळे निघू लागले, आणि पोरं रस्त्यावर उभी राहून गाऊ लागली. भाषणाने जे काम होत नाही ते गाण्याने होतं, हे त्या काळच्या महाराष्ट्राला नेमकं कळलं होतं. लोकमान्यांच्या पुण्याने ते उत्सवासाठी वापरलं, रेव्हरंड टिळकांनी उपासनेसाठी.

फुलामुलांचे कवी

नारायण वामन टिळक फक्त ख्रिस्ती कवी होते असं समजलात तर चूक होईल. मराठी कविता त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखते. वनवासी फूल ही त्यांची दीर्घ कविता गाजली. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता तर कितीतरी पिढ्यांनी शाळेत पाठ केली आणि डोळे पुसले.

घरी कवींचा राबता असायचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक कोवळा मुलगा त्यांच्या नगरच्या घरी येऊन राहिला. टिळकांनी त्याला मुलासारखं वागवलं, लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवे-फुगवे काढले. हा मुलगा म्हणजे बालकवी. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरात एक हिंदू मुलगा राहतोय, कविता लिहितोय, आणि त्याला कुणी धर्म विचारत नाही, हे त्या काळी नवलच होतं.

१९१२ पासून टिळक ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक झाले. ज्ञानोदय १८४२ साली नगरला सुरू झालेलं, मराठीतल्या जुन्या नियतकालिकांपैकी एक. तिथेही टिळकांचा सूर तोच होता. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नव्हे. मातृभूमीवर त्यांनी जीव तोडून कविता लिहिल्या. भारतातलं चर्च भारतीयांनी चालवावं, परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमावर ते चालू नये, हे ते उघड बोलत. ज्या मिशनचा पगार घेत होते, त्याच मिशनला सांगत होते.

पगार सोडला आणि दरबार भरवला

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला.

ही कल्पना त्या काळाच्या फार पुढची होती. येशूला मानणारा कुणीही या दरबारात येऊ शकत होता. बाप्तिस्मा घेतला असेल तरी चालेल, नसेल तरी चालेल. कुणी जात विचारणार नाही, कुणी पंथ विचारणार नाही. मिशनऱ्यांच्या चौकटीत हे बसणारं नव्हतं आणि सनातन्यांच्याही नव्हतं.

पण वेळ हातात नव्हती. तब्येत ढासळत चालली होती. १९१८ साली बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, वय फक्त २७. वर्षभराने टिळकही गेले. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

जातानाही त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. ख्रिस्ती माणसाला पुरायचं अशी रीत. टिळकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्या देहाला अग्नी द्या. त्याप्रमाणे मुंबईत दहन झालं आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आपल्या पूर्वजांसारखाच अग्नीच्या स्वाधीन झाला.

राहिलेलं काम तिने पूर्ण केलं

टिळक गेले तेव्हा एक मोठं काम अर्धवट होतं. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी हाती घेतलं होतं. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि लेखणी थांबली.

उरलेलं बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केलं. एकेकाळी अक्षरओळखही नसलेल्या, नवरा बाटला म्हणून कोसळलेल्या, एकाच घरात वेगळी चूल मांडलेल्या लक्ष्मीबाईंनी. आणि १९३४ पासून त्यांची स्मृतिचित्रे प्रकाशित झाली, ज्यांना आजही मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र मानणारे कमी नाहीत. टिळक नावाच्या वादळाबरोबर संसार कसा केला, हे त्यांनी हसत हसत लिहून ठेवलं. १९२३ साली एका इंग्रज पाळकाने, जे. सी. विन्स्लो यांनी, टिळकांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. पण टिळक माणूस म्हणून कळतात ते लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातूनच.

आणि शेवटी पुन्हा मंडई

पंचहौद चर्च मूळचं इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाचं. टिळक काम करायचे ते अमेरिकन मिशनमध्ये. पंथ वेगळे, शिस्त वेगळी. पण १९७० साली नागपुरात उत्तर भारतातले असे अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. पंचहौदासारखी अँग्लिकन चर्च आणि नगरची अमेरिकन मिशनची चर्च एका छपराखाली आली. ज्या नागपूरहून सुटलेल्या गाडीत टिळकांच्या हातात नवा करार पडला होता, त्याच नागपुरात हे घडलं.

कागदावरची ही एकी १९७० ची असली तरी गळ्यातली एकी त्याच्या कितीतरी आधीची आहे. उपासना संगीत या मराठी गीतसंग्रहात टिळकांची गीतं खच्चून भरली आहेत. पुणे असो, नगर असो, सातारा असो की मुंबई, पंथ कुठलाही असो, भजन टिळकांचं असतं.

ज्या पुण्यात मिशनमधल्या एका कप चहासाठी मोठमोठ्या माणसांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, त्याच पुण्यात आज नाताळच्या सकाळी मंडईतून फुलं घेऊन माणसं चर्चला जातात आणि मराठीत भजन म्हणतात. त्यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही. आणि हे कुणाला वेगळं वाटत नाही, हीच रेव्हरंड टिळकांची कमाई.

पुढच्या वेळी मंडईत गेलात, लोकमान्यांच्या पुतळ्याला नमस्कार केलात, की दोन मिनिटं त्या दुसऱ्या टिळकांचीही आठवण काढा. त्यांचा पुतळा तिथे नाही, पण दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मराठी गळ्यातून त्यांचे शब्द निघत असतात.